उन्हाळी, क्रॅनबेरी आणि साखरेचा हिशेब

मॉलमधल्या सुक्यामेव्याच्या रांगेत बेदाण्याशेजारी क्रॅनबेरी दिसू लागली, तशी आमच्या टपालातही दिसू लागली. या वेळचं सदर तिच्यावरच्या पत्रांना दिलं आहे. पत्रं थोडी कापली आहेत, प्रश्न मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

प्रश्न : माझं वय ३४. गेल्या वर्षात चार वेळा उन्हाळी लागली. दोनदा तपासणीत इन्फेक्शन निघालं आणि अँटिबायोटिकचा कोर्स झाला. रोज क्रॅनबेरी ज्यूस प्यायलं तर परत होत नाही असं मैत्रीण म्हणते. हे खरं आहे का? आणि जळजळ सुरू झाल्यावर लगेच प्यायलं तर गोळ्या टळतील का? (नाशिक)

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही, टळणार नाहीत. इन्फेक्शन एकदा झाल्यावर क्रॅनबेरीने ते बरं होतं याला भरवशाचा पुरावा नाही. तिचा उपयोग, असलाच तर, पुन्हा होऊ नये म्हणून.

आपल्याकडे ‘उन्हाळी’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी बसतात, घोटाळा तिथूनच सुरू होतो. मे महिन्यात दिवसभर उन्हात फिरलं, पाणी कमी प्यायलं की लघवी दाट, गडद पिवळी होते आणि होताना चुरचुरते. तीन-चार भांडी पाणी, धन्या-जिऱ्याचं पाणी किंवा कोकम सरबत पोटात गेलं की संध्याकाळपर्यंत ती थांबते. हे इन्फेक्शन नव्हे. जळजळीबरोबर दर दहा मिनिटांनी जावंसं वाटणं, गेल्यावर थेंबभरच होणं, ओटीपोटात दुखणं, लघवी गढूळ किंवा लालसर दिसणं हे सगळं जंतुसंसर्गाकडे बोट दाखवतं. थंडी वाजून ताप आला, कुशीत किंवा पाठीत बरगडीखाली दुखू लागलं, उलट्या झाल्या तर संसर्ग मूत्रपिंडाकडे सरकला असण्याची शक्यता असते. तेव्हा घरगुती उपायात एक रात्रही घालवू नका.

आता पहिला प्रश्न. अशा बहुतेक संसर्गांमागे ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जिवाणू असतो. त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात. त्यांनी तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला चिकटतो. चिकटता आलं नाही तर लघवीबरोबर वाहून जातो. क्रॅनबेरीत ए-प्रकारची प्रोअँथोसायनिडिन्स नावाची द्रव्यं असतात (लेबलवर ‘पीएसी’ लिहितात), ती हे चिकटणं कमी करतात. पूर्वी समजूत वेगळी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून असं धरलं जायचं की या फळाने लघवी आम्लधर्मी होते आणि त्यात जंतू मरतात. पण त्यासाठी लागेल इतकं आम्ल माणूस पिऊ शकेल एवढ्या रसातून मिळत नाही. चिकटण्याचा मुद्दा १९८४ पासून पुढे आला. ही द्रव्यं रक्तात फारशी शोषली जात नाहीत, त्यामुळे लघवीपर्यंत नेमकं काय पोचतं यावर अजून खल चालू आहे.

परिणामाच्या बाबतीत शास्त्रानेही मत बदललं आहे. वैद्यकीय पुराव्याची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये २४ अभ्यास पाहून क्रॅनबेरीचा खास उपयोग दिसत नाही असं म्हटलं होतं. २०२३ मध्ये ५० अभ्यास आणि ८,८५७ माणसांची माहिती एकत्र केल्यावर निष्कर्ष फिरला : वारंवार संसर्ग होणाऱ्या महिलांमध्ये पुन्हा होण्याचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी दिसला. वृद्धाश्रमातले वयस्क, गरोदर स्त्रिया आणि मूत्राशय पूर्ण रिकामं न होणारे रुग्ण यांना मात्र फायदा दिसला नाही.

२६ टक्के म्हणजे किती? तुमच्या वर्षाला चार वेळा, त्या कदाचित तीनवर येतील. तेही नेमाने घेतलं तर. आता याच्याशेजारी साध्या पाण्याचा आकडा ठेवून बघा. दिवसाला दीड लिटरहून कमी द्रव पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० महिलांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या महिलांना रोज दीड लिटर पाणी जास्तीचं प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे जवळजवळ निम्म्यावर! तेव्हा तुम्ही दिवसभरात दोन बाटल्याही संपवत नसाल तर क्रॅनबेरीच्या आधी पाण्याची बाटली.

पुढच्या वेळी त्रास झाला तर उरलेली जुनी गोळी घेऊ नका. औषध सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) करून घ्या. नमुना मधल्या धारेचा घ्यायचा : सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली निर्जंतुक डबीत धरायची आणि तासाभरात लॅबमध्ये पोचवायची. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवायची. बाहेर दोन-तीन तास राहिलेल्या नमुन्यात जंतू वाढतात आणि नसलेलं इन्फेक्शन रिपोर्टात दिसतं.

प्रश्न : दुकानात ज्यूसचे खोके, वाळवलेल्या बेरी, गोळ्या, पाण्यात टाकायच्या पुड्या असं सगळं मिळतं. यातलं नेमकं काय घ्यावं? (पुणे)

पाकिटाची मागची बाजू वाचून ठरवा, पुढच्या बाजूवर सगळीकडे तेच लालचुटुक चित्र असतं.

वाळवलेली क्रॅनबेरी हे बेदाण्यासारखं नुसतं सुकवलेलं फळ नाही, हे आधी ध्यानात घ्या. ताजं फळ इतकं आंबट-तुरट असतं की नुसतं वाळवलं तर कुणी दुसरा दाणा उचलणार नाही. म्हणून कारखान्यात ते चिरतात, त्यातला रस काढून घेतात (तो रस म्हणून वेगळा विकला जातो), उरलेल्या सालीगरात साखरेचा पाक मुरवतात, मग वाळवतात आणि दाणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सूर्यफूल तेलाचा हलका हात फिरवतात. तुमच्या मुठीत येतं ते हे. ताज्या १०० ग्रॅम क्रॅनबेरीत साखर असते सुमारे ४ ग्रॅम, गोड करून वाळवलेल्या १०० ग्रॅममध्ये ६५ ते ७० ग्रॅम. ‘रोज मूठभर’ म्हणजे ३० ग्रॅम धरले तर साधारण २० ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर झाली. ताज्या फळात १०० ग्रॅमला १४ मिलिग्रॅमच्या आसपास असलेलं क जीवनसत्त्व वाळवलेल्यात जवळपास शून्यावर येतं. चिवड्यात, पुलावात, शिऱ्यात बेदाण्याच्या जागी खुशाल घाला, छान लागते. औषध म्हणून मोजून खाऊ नका.

ज्यूसच्या खोक्यावर ‘कॉकटेल’ किंवा ‘ड्रिंक’ लिहिलेलं असेल तर आत बहुतेक पाणी आणि साखर. अमेरिकेत खपणाऱ्या नेहमीच्या कॉकटेलमध्ये फळाचा रस साधारण २७ टक्के असतो आणि २४० मिलिलिटरच्या पेल्यात २५-३० ग्रॅम साखर. ‘१०० टक्के रस’ लिहिलं असलं तरी घटकांची यादी बघा. यादीत जे जास्त असतं ते आधी लिहावं लागतं. पहिलं नाव सफरचंदाचं किंवा द्राक्षाचं असेल तर तुम्ही सफरचंदाचा रस विकत घेताय, क्रॅनबेरी रंगापुरती.

बिनसाखरेचा शुद्ध रस मिळालाच तर तो नुसता पिऊ नका. त्याचा आंबटपणा लिंबाच्या रसाच्या जवळ जातो. एक भाग रसाला तीन-चार भाग पाणी घाला, जेवणाबरोबर घ्या, नंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा आणि अर्धा तास दात घासू नका. आम्लाने मऊ झालेला दातांचा थर ब्रशने खरवडला जातो.

गोळ्यांत साखरेचा प्रश्न नाही, पण फसगत वेगळी आहे. ‘क्रॅनबेरी एक्स्ट्रॅक्ट ५०० मि.ग्रॅ.’ यावरून काहीच कळत नाही. त्यात पीएसी किती, हे लिहिलेलं हवं. बऱ्याच अभ्यासांत दिवसाला ३६ मिलिग्रॅम पीएसी वापरलं आहे, म्हणून तो आकडा शोधा. आकडाच छापला नसेल तर ती बाटली परत फळीवर ठेवा. आपल्याकडच्या पुष्कळ पुड्यांत क्रॅनबेरीबरोबर डी-मॅनोज नावाची साखर घालतात आणि किंमत वाढवतात. ब्रिटनमध्ये ५९८ महिलांवर सहा महिने केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डी-मॅनोजने पुन्हा संसर्ग होणं कमी झालं नाही.

घ्यायचंच ठरवलं तर तीन ते सहा महिने रोज घ्या आणि वहीत तारखा लिहा. फरक पडला नाही तर बंद करा. ‘कधी आठवलं तर’ घेतलेल्या गोळीचा काही उपयोग नाही.

प्रश्न : आई ७२ वर्षांची. हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, मधुमेहही आहे. भावाने अमेरिकेहून क्रॅनबेरीच्या गोळ्या आणि वाळवलेल्या बेरी आणल्यात. द्याव्यात का? (ठाणे)

गोळ्या सध्या कपाटातच राहू द्या. झडप बदललेल्यांना सहसा वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल देतात. वॉरफरिन घेणाऱ्यांनी क्रॅनबेरी ज्यूस प्यायल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) वाढल्याच्या, रक्तस्राव झाल्याच्या काही नोंदी आहेत. नंतर मोजूनमापून केलेल्या अभ्यासांत नेहमीच्या प्रमाणात फारसा परिणाम दिसला नाही, हेही खरं. पण कृत्रिम झडपेच्या बाबतीत चुकीची किंमत फार मोठी आहे आणि फायदा थोडा. डॉक्टरांनी परवानगी दिली तर सुरू केल्यावर आठवड्याभरात आयएनआर तपासा आणि मग मध्येच बंद-चालू करू नका. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळे-निळे डाग, काळी शी यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

वाळवलेल्या बेरींतली साखर वर सांगितलीच आहे. मधुमेहात चार-पाच दाणे पोह्यांवर पडले म्हणून बिघडत नाही, वाटीभर मात्र नको. पाळी गेल्यानंतर वारंवार संसर्ग होत असेल तर डॉक्टर योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देतात, त्याला चांगला पुरावा आहे. आई संकोचाने बोलत नसतील, तर तुम्ही विषय काढा.

प्रश्न : मला कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा होऊन गेला आहे. क्रॅनबेरीने खडा विरघळतो असं ऐकलं. (जळगाव)

विरघळत नाही. उलट तिच्या दाट अर्काच्या गोळ्या रोज घेतल्यावर लघवीतलं ऑक्झलेट वाढल्याचं आढळलं आहे. तुम्ही गोळ्या टाळा, आणि लघवी दिवसाला दोन ते अडीच लिटर होईल इतकं पाणी प्या. जळगावच्या उन्हाळ्यात त्यासाठी तीन-साडेतीन लिटर लागेल.

प्रश्न : करवंदाला ‘इंडियन क्रॅनबेरी’ म्हणतात. मग डोंगरची करवंदं खाऊन तोच फायदा होईल ना? परदेशी फळ कशाला? (कोल्हापूर)

करवंदं जरूर खा, पण नावावर जाऊ नका. क्रॅनबेरी म्हणजे व्हॅक्सिनियम मॅक्रोकार्पन, ब्लूबेरीची सख्खी बहीण. करवंद म्हणजे कॅरिसा, ते कण्हेर आणि रुईच्या कुळातलं. करवंद तोडताना बोटांना चिकटणारा पांढरा चीक ही त्या कुळाची खूण आहे. दोन्ही लाल, दोन्ही आंबट, एवढंच साम्य. इंग्रजी नाव देणाऱ्याने तेवढ्यावरच भागवलं. क्रॅनबेरीवर झालेले अभ्यास करवंदाच्या खात्यावर लिहिता येत नाहीत.

ओळखायला सोपं आहे. क्रॅनबेरी आडवी कापली तर आत हवेचे चार पोकळ कप्पे आणि तिळाहून लहान बिया दिसतात. करवंद भरीव असतं आणि त्यात चपट्या, चावताना लागणाऱ्या बिया असतात. ऑनलाइन ‘ड्राय क्रॅनबेरी’ फार स्वस्त दिसली तर घटकांच्या यादीत ‘करोंदा’ शोधा. केकवर आणि मसाला पानात बसणारी ती भडक लाल ‘चेरी’ही बहुतेक वेळा बी काढून, रंगवून पाकात मुरवलेलं करवंदच असतं. बिचाऱ्याला स्वतःच्या नावाने विकायची आपल्यालाच लाज वाटते.

क जीवनसत्त्वासाठी म्हणाल तर आवळा या दोघांच्या कितीतरी पुढे आहे आणि पेरू तर बारा महिने मिळतो.

प्रश्न : अमेरिकेतले मूळ रहिवासी क्रॅनबेरी औषध म्हणून वापरत, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. नेमकं काय करत असत? (रत्नागिरी)

मुख्यतः खात असत. आजच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचे वाम्पानोआग आणि त्यांच्या शेजारचे समाज शरद ऋतूत दलदलीच्या कडेने ही फळं वेचत. ताजी खात, वाळवत, मॅपलच्या साखरेबरोबर शिजवत. हरणाचं मांस वाळवून, कुटून, वितळवलेल्या चरबीत कालवत आणि त्यात बेरी घालत. ही पेमिकन नावाची वडी हिवाळाभर टिकायची. बेरी चवीपुरती नव्हती. या फळात आम्ल भरपूर असतं आणि बेंझोइक आम्ल निसर्गतःच असतं. सोडियम बेंझोएट नावाने आज सॉसच्या बाटलीत टिकण्यासाठी घालतात त्याचंच हे मूळ रूप. जखमेवर ठेचून लेप लावणं आणि रसाने कापड रंगवणं हेही चालायचं. लघवीच्या तक्रारींसाठीची तिची आजची कीर्ती मात्र बरीचशी विसाव्या शतकातली आहे. पाकिटावरच्या ‘हजारो वर्षांच्या परंपरे’त ती सरसकट मिसळू नये.

मार्थाज व्हिन्यर्ड बेटावरचे अक्विना वाम्पानोआग आजही ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी क्रॅनबेरी डे पाळतात. त्या दिवशी सगळा समाज मिळून रानातली फळं वेचतो.

पुढे गोरे वसाहतवाले आले. कोवळ्या फुलाचा आकार क्रौंच पक्ष्याच्या मान-चोचीसारखा दिसतो म्हणून ‘क्रेनबेरी’, त्याचं क्रॅनबेरी झालं, असं सांगतात. व्हेल मारायला वर्षवर्ष समुद्रावर जाणारी जहाजं या फळांची पिंपं बरोबर नेत, स्कर्व्हीवर (क जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या आजारावर) उपाय म्हणून. हिशेब बसतो : स्कर्व्ही टाळायला दिवसाला १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं, म्हणजे ताजी असताना ७०-७५ ग्रॅम क्रॅनबेरी. शिवाय हे फळ पिंपात पाणी भरून ठेवलं तरी महिनोन् महिने टिकतं, लिंबाचं तसं होत नाही.

प्रश्न : आमच्याकडे ऑक्टोबरपासून ताज्या क्रॅनबेरीच्या पिशव्या येतात. कैरीसारखा मेथांबा करून पाहिला. पहिल्यांदा कडू झाला, दुसऱ्यांदा फ्रिजमध्ये दगड! काय चुकलं? (एडिसन, न्यू जर्सी)

दोन्ही चुका नेहमीच्या आहेत. कडूपणा मेथीचा, दगड पेक्टिनचा (फळातलं घट्ट बसवणारं द्रव्य).

मेथीदाणे तेलात गडद तपकिरी झाले की कडवट होतात. कैरीच्या मेथांब्यात ते थोडं झाकलं जातं. क्रॅनबेरी मुळातच तुरट असल्याने इथे दुप्पट जाणवतं. दाणे बदामी होताच पुढचा जिन्नस पडला पाहिजे. आणि कैरीत नसेल इतकं पेक्टिन या फळात आहे. कढईत सैल दिसतं ते गार झाल्यावर घट्ट बसतं. कैरीच्या अंदाजाने पाक होईपर्यंत आटवलंत, म्हणून दगड झाला.

तुमच्याकडची पिशवी १२ औंसांची, म्हणजे ३४० ग्रॅमची असते. त्या एका पिशवीचं प्रमाण असं :

गूळ २०० ते २२५ ग्रॅम, तेल एक मोठा चमचा, मोहरी आणि मेथीदाणे प्रत्येकी अर्धा छोटा चमचा, हिंग आणि हळद पाव-पाव चमचा, लाल तिखट दीड चमचा, मीठ एक चमचा, पाणी अर्धा कप (१२० मिलिलिटर).

फळं धुऊन निवडा. मऊ, पिचकी, तपकिरी काढून टाका. शंका असेल तर दाणा ओट्यावर टाकून बघा : चांगला असेल तर उसळतो, आतल्या हवेच्या कप्प्यांमुळे. पूर्वी बागायतदार याच गुणावर फळं पाखडत, उतरत्या फळ्यांवरून सोडत. उसळतील ती चांगली, पडून राहतील ती बाद.

स्टीलच्या पातेल्यात तेल तापवून मोहरी तडतडू द्या, मेथी बदामी होताच हिंग, हळद आणि लगेच फळं आणि पाणी. लोखंडी कढई किंवा कल्हई नसलेलं पितळ-तांबं नको. आम्लाने धातू उतरतो, चव लोखंडी लागते आणि रंग काळपट पडतो. मध्यम आचेवर झाकण किलकिलं ठेवून पाच-सहा मिनिटं शिजवा. फळं फटाफट फुटतात आणि गरम रस उडतो, तोंड लांब ठेवा. तीन चतुर्थांश फळं फुटली की मगच गूळ, तिखट, मीठ. गूळ आधी घातला तर साली चिवट राहतात. गूळ विरघळल्यावर चार-पाच मिनिटं, बस. गार बशीवर थेंब टाका, बोटाने ढकलल्यावर हलकी सुरकुती पडली की गॅस बंद. पळीवरून अजून ओघळत असतानाच उतरवायचं. कोरड्या बरणीत, फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे टिकतो. दगड झालेला टाकू नका : पाव कप पाणी घालून मंद आचेवर सैल करा.

तिकडच्या थँक्सगिव्हिंगच्या सॉसचं तंत्र हेच : एक पिशवी, एक कप साखर, एक कप पाणी, दहा मिनिटं. फोडणी तेवढी नाही.

कच्चं लोणचं घालायचं असेल तर प्रत्येक फळाचे दोन तुकडे करायलाच हवेत. सालीवर मेणाचा थर असतो, अख्ख्या फळात मीठ शिरत नाही आणि महिन्याने वर मसाला, आत कोरी आंबट गोळी असा प्रकार होतो. ३४० ग्रॅमला ३५ ग्रॅम मीठ पुरे. रोजच्या आमटीत एरवी कोकमं घालता तिथे आठ-दहा फळं ठेचून घातली तरी चालतं, रंग मात्र गुलाबी येईल.

हंगाम डिसेंबरनंतर संपतो. पिशव्या न धुता तशाच फ्रीझरमध्ये टाका, वर्षभर राहतात. धुऊन ठेवलेल्या फळांचा बर्फाचा गोळा होतो. वापरताना विरघळवत बसू नका, गोठलेलीच पातेल्यात टाका.

प्रश्न : माझी दीड एकर जमीन आहे. क्रॅनबेरीचा भाव बघून लागवड करावी म्हणतो. ही पाण्यात होते ना? आमच्याकडे कॅनॉलचं पाणी आहे. (सातारा)

रोपांचे पैसे भरले नसतील तर थांबा. पाण्यावर तरंगणारी लाल फळं आणि त्यात कमरेएवढे उभे शेतकरी हे चित्र काढणीचं आहे. झाड पाण्यात वाढत नाही. ही जमिनीवर सरपटणारी वेल आहे, वाळू आणि कुजलेल्या वनस्पतींच्या आम्लधर्मी मातीत, सामू (पीएच) ४ ते ५.५ असलेल्या जमिनीत वाढते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ पिकलं की वाफ्यात पाणी सोडतात, यंत्राच्या फिरत्या दांड्यांनी वेली घुसळतात, सुटलेली फळं पोकळ असल्याने वर येतात आणि ती तरंगत्या दोराने एका कोपऱ्यात ओढून घेतात. ही सगळी रस आणि सॉससाठी जातात, ताजी विकायची फळं कोरडीच खुडतात. हिवाळ्यात पुन्हा पाणी भरतात, त्याचा बर्फ होतो आणि त्याच्या पांघरुणाखाली वेल वाचते.

खरी अडचण थंडीची आहे. या वेलीला हिवाळ्यात हजाराहून अधिक तास ७ अंशांखालचं तापमान लागतं, त्याशिवाय कळी फुलत नाही. साताऱ्यात, अगदी महाबळेश्वरातही, ते मिळत नाही. काळ्या जमिनीचा सामू साडेसातच्या वर असतो. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी आहे, पण तिथे थंडी त्याहून कमी. लागवडीची सुरुवातही याच मातीच्या निरीक्षणातून झाली. मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिस गावच्या हेन्री हॉल यांनी १८१६ च्या सुमारास पाहिलं, की वाऱ्याने वाळू उडून पडते तिथल्या वेली जास्त जोमदार होतात, आणि त्यांनी मुद्दाम वाळू पसरायला सुरुवात केली. आज अमेरिकेतलं निम्म्याहून जास्त पीक विस्कॉन्सिनमध्ये निघतं.

‘क्रॅनबेरीचं रोप’ म्हणून इथे विकतात ते बरेचदा करवंद निघतं. पान तोडून बघा : पांढरा चीक आला आणि फांदीला काटे असले तर करवंद. ते लावायचं असेल तर हरकत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही जात मोठ्या फळांची आहे. बांधावर चार-पाच फुटांवर लावलं तर कुंपणही होतं. कच्ची फळं लोणच्यासाठी, पिकलेली मे महिन्यात बाजारात.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची, वर्षात दोनदा लघवीचं इन्फेक्शन. तिला ज्यूस देऊ का? गरोदरपणात मलाही चालेल का? (नागपूर)

लहान मुलांबाबत २०२३ च्या त्या छाननीत धोका निम्म्याने कमी दिसला आहे, पण तुमच्या मुलीच्या बाबतीत ज्यूस ही शेवटची गोष्ट. दोनदा झालं म्हणजे बालरोगतज्ज्ञ सोनोग्राफी करून लघवीच्या मार्गाची रचना बघतील, ते आधी. मग पोट साफ होतं का ते बघा. कोठा जड असलेल्या मुलांत साठलेली शी मूत्राशयावर दाबते आणि लघवी पूर्ण होत नाही. शाळेतलं स्वच्छतागृह नको म्हणून ती दिवसभर धरून ठेवते का, हे तिला रागावून नव्हे, सहज विचारा. शी धुताना पुढून मागे, हे शिकवा. यातलं एक जरी सुटलं तरी पुष्कळ फरक पडतो.

गरोदरपणात खाण्यातली क्रॅनबेरी चालते, गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. त्या काळात लघवीत जंतू सापडले, तर त्रास नसला तरी औषध घ्यावं लागतं. तिथे क्रॅनबेरीवर विसंबू नका.

प्रश्न : वाळवलेल्या क्रॅनबेरी घालून केक केला. कापल्यावर प्रत्येक दाण्याभोवती हिरवं-निळं कडं! बुरशी असेल का? (बेळगाव)

बुरशी नाही, सोडा आहे. क्रॅनबेरीचा लाल रंग आम्लात लाल राहतो आणि क्षारात निळसर-हिरवा होतो, जास्वंदीच्या पाण्यात सोडा टाकल्यावर होतो तसाच. मिश्रणात सोडा जास्त झाला किंवा नीट चाळला गेला नाही की दाण्याभोवती असं कडं उठतं. केक खायला काही हरकत नाही. पुढच्या वेळी सोड्याऐवजी बेकिंग पावडर घ्या, किंवा सोडाच वापरायचा तर दुधाच्या जागी ताक घाला. आणि दाणे मिश्रणात टाकण्याआधी चमचाभर कोरड्या मैद्यात घोळवा, तळाशी बसणारही नाहीत.